रुमालाखालचा भाव

झुंबरनं रुमालाखाली हात घातला तेव्हा सगळी पेठ हसली. जोतीराम तेवढा हसला नाही. तो हात येऊन त्याच्याच हातावर पडला होता — गार, खरखरीत आणि गुळानं चिकट.

समोर बसलेल्या अप्पा व्यापाऱ्यानं विस्तव लागल्यासारखा आपला हात मागं घेतला.

"बाई, ह्ये काय?"

"गूळ माझा हाय," ती म्हणाली. "मग भाव बी माझ्या हाताला कळू द्या."

बारामतीच्या पेठेत तेव्हा गुळाचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा व्यापारी आणि अडतीचा माणूस समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडे आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव ठरे. बोट धरलं की मणाला एक रुपया, पंजा धरला की पाच, पेर दाबलं की आणे. ज्याचा गूळ तो शेतकरी बाजूला उभा राहून हलणाऱ्या रुमालाकडं बघत राही. सौदा झाला की अडतीवाला सांगेल तो भाव घ्यायचा आणि गाडी जुंपायची.

सांगवीचा गेणू माळी हा एकच असा होता की आपल्या गुळाला आपलाच हात घालायचा. व्यापारी कुरकुरत, पण त्याचा गूळ असा असे की हात द्यावा लागे. मागच्या हंगामात त्याचा उजवा हात उसाबरोबर चरकात गेला. चारी बोटं गेली. तेव्हापासून तो पेठेत यायचा तो गाडीतच घोंगडी पांघरून बसायचा. लेक झुंबर लहानपणीच रंडकी होऊन माहेरी आलेली. गुऱ्हाळ तिनं हातात घेतलं आणि पहिल्याच गुरुवारच्या बाजारी ही गंमत झाली.

"बाजूला व्हा बाई," जोतीराम म्हणाला. "तुमचा सौदा मी करतो."

"तुमी कोण?"

"सर्जेरावांच्या अडतीचा माणूस."

"अडतीचा ना? माझा न्हाय."

पेठ पुन्हा हसली. आता ती जोतीरामला हसली.

अप्पानं ढेपेचा कोपरा फोडून तोंडात टाकला आणि थुंकला. "नाव झुंबर, आन गूळ ह्यो असा काळा. करपलाय."

तिचं तोंड उतरलं. तिनं दुसरा खडा फोडून जोतीरामपुढं धरला. "तुमी चाखा. तुमी सांगा."

त्यानं चाखला. गूळ करपलेलाच होता, जिभेखाली कडू लागत होता. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, पण काजळीचा एक फराटा होता. चुलवाणापुढून उठून ती तशीच आली असावी. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"ग्वाड हाय," जोतीराम म्हणाला.

मग रुमाल पडला. अप्पानं पंजा धरला आणि वर एक बोट. म्हणजे सहा. जोतीरामनं ओढून बघितलं, पण अप्पा हलेना. रुमाल उचलला, जोतीराम वळला आणि म्हणाला, "सात."

का म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. झुंबर गाडीकडं पळत गेली. "तात्या, सात आलं. सात!" घोंगडीतून म्हाताऱ्यानं तो बोटं नसलेला हात बाहेर काढला आणि डोळ्यांना लावला. ते जोतीरामनं पाहिलं आणि मणामागं वरचा एक रुपया त्यानं आपल्या कनवटीतून घातला.

ते पैसे साधे नव्हते. जोतीराम मूळचा इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. भावांच्या माळव्याच्या वाफ्यांत त्याचं मन रमलं नाही, म्हणून बारामतीत आला. दुसऱ्याच्या अडतीवर दुसऱ्याचे सौदे करता करता त्याला एकच ध्यास लागला होता. आपला काटा टांगायचा. लहानसा का होईना, आपला गाळा, आपला काटा, आणि आपल्या नावानं हाक मारत येणारी गाडी. पाडव्याचा मुहूर्त त्यानं मनात धरला होता. त्यासाठी तो एकवेळ जेवायचा.

एकदा वर सांगितलेला भाव पुढच्या बाजारी खाली आणता येत नाही. हे अडतीवरच्या माणसाला कळायला पाहिजे होतं. कळतही होतं. पण दर गुरुवारी कालव्याच्या रस्त्यानं तिची गाडी यायची आणि लांबूनच ती हात वर करायची...

"आज किती मिळंल?"

"गूळ बघून सांगतो."

"गूळ नगं. माझ्याकडं बघून सांगा."

"तुझ्याकडं बघितलं तर पेठंचं दिवाळं निघंल."

"मग खाली बघा आन सौदा करा," ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची.

तिला बोटांचे आकडे शिकायचे होते. त्यानं टाळलं, हसण्यावारी नेलं. ती ऐकेना. शेवटी बाजार पांगल्यावर सर्जेरावांच्या ओट्यावर ढेपांच्या थप्पीआड, हातांवर रुमाल टाकून शिकवणी सुरू झाली. गेणू तात्या समोरच गाडीत डुलक्या घेत असे.

"ह्ये किती?"

"तीन."

"आन ह्ये?"

"पाच. वर दोन आणं."

"आन ह्ये?" त्यानं तिचं मनगट नुसतंच धरलं.

रुमाल हलला नाही. ती म्हणाली, "ह्यो आकडा तुमी शिकवला न्हाय."

"ह्यो आकडा न्हायच."

"मग हात सोडा. आकड्याबिगर हात धरायची पेठंत चाल न्हाय." पण हात तिनं ओढून घेतला नाही.

एकदा त्यानं धीर केला. "पाडव्याला काटा टांगतो. मग तात्यांकडं येतो म्हणतो..."

"कशाला?"

"पाटाचं बोलायला."

"कुठल्या पाटाचं? पाणी तर आमाला पुरतंय."

तिला सगळं कळलं होतं. त्यांच्यात विधवेला पाट लावायची चाल होती, आणि जोतीराम त्यांच्यातलाच होता. आड येणारं कुणी नव्हतं. तिनं ढेपेवरच्या मुंग्या बोटानं झटकल्या.

"आधी मला माझा सौदा माझ्या हातानं करू द्या," ती म्हणाली. "तात्या करत व्हतं तसा. मग तुमचा करू."

त्या दिवशी जोतीराम पेठेतून घरी चालत गेला की उडत, ते त्याला ठाऊक नाही. माणूस सुखात असतं तेव्हा बोलायचं ते बोलत नाही. वाटतं, आहे वेळ. वेळ कुणाच्या बापाची नसते.

गूळ तसाच काळा येत होता. तो आडून सांगून बघायचा. "मळी नीट काढत जा. भेंडीची खोडं ठेचून घाल, त्याच्या चिकट्यानं रस निवळतो. चुलवाणाला जाळ कमी कर."

"कशापायी? गूळ वाईट असता तर भाव वाढला असता व्हय?" ती म्हणायची. "तुमी काळजी लई करता."

आणि एका गुरुवारी तिनं सांगितलं की शेजारच्या दोघांचा ऊसही तिनं गाळायला घेतला आहे. त्यांना पेठेतला भाव सांगून शब्द दिला आहे. रस उकळायची मोठी काहील आणली आहे. "तुमी काटा टांगा, मी काहील वाढवते. बघू कोण पुढं जातंय." तिचे डोळे चमकत होते. तेव्हा तरी बोलायचं. तो बोलणारही होता. पण त्यानं विचारलं, "रस प्यायला कधी बोलावतीस?" आणि ती म्हणाली, "गुऱ्हाळावर बोलवाय लागत न्हाय. येईल त्याला रस मिळतो." दोघं हसले. ते बोलणं तिथंच राहिलं.

फाल्गुनात एका बाजारी आभाळ भरून आलं. अवकाळीचा वारा सुटला. गुळाला पाण्याची हवा लागली की ढेप पाझरते, मग तिला कुणी विचारत नाही. पेठेत एकच घाई उडाली. सर्जेरावांनी जोतीरामला स्टेशनावर पिटाळलं, दौंडच्या छोट्या गाडीत माल चढवायचा होता. "मी येईस्तवर थांब," असा निरोप त्यानं झुंबरला हमालाकडून धाडला. पण ढेपा थांबणाऱ्या नव्हत्या.

तो परत आला तेव्हा थेंब पडायला लागले होते. लांबूनच त्याला दिसलं, अप्पासमोर झुंबर बसली होती. दोघांच्या हातांवर रुमाल होता. यावेळी पेठ हसत नव्हती.

"अप्पा, चुकलं तुमचं," झुंबर म्हणत होती. "परत धरा."

अप्पानं परत धरलं. "बाई, म्हातारा हाय आन लेकीसारखी हाईस म्हणून हात दिला. कितींदा धरलं तरी माझी बोटं तेवढीच."

"बाईमाणूस बघून दाबता व्हय भाव? गेल्या बाजारी साडेसात तुमीच दिलं."

"म्या?" अप्पानं रुमाल काढला. "ह्या काळ्या गुळाला? पोरी, हंगाम सरत आला, तुझ्या गुळाला मी सहाच्या वर बोट लावलं न्हाय. इचार की तुझ्या माणसाला. ह्यो बघ आला."

सगळी तोंडं वळली. जोतीराम भिजत उभा राहिला.

झुंबर उठली, त्याच्यापाशी आली. "हात आना," ती म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तिनं तो उघड्यावर, रुमालाबिगर, चार माणसांत धरला. पंजा आणि एक बोट. "आज अप्पानं ह्ये दिलं. गेल्या बाजारी किती दिलं व्हतं? तोंडानं नगं. दाबून सांगा."

त्यानं तिचा पंजा धरला. मग एक बोट.

"त्याच्या आधी?"

त्यानं तेच बोट तसंच धरून ठेवलं.

"वरचं कुठनं आलं?"

त्याचा दुसरा हात कनवटीकडं गेला.

"काटा टांगायच्या पैशातलं का?"

"व्हय."

तिनं हात सोडला. ती रडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं, माझ्या गुळाला भाव हाय," ती हळू म्हणाली. "मी तात्यास्नी सांगितलं. गावाला सांगितलं. तुमच्या आकड्याच्या भरवशावर दोघांचा ऊस तोडला."

"झुंबर, मी तुझ्यापायी—"

"माझ्यापायी केलं, म्हाईत हाय मला. मी शिकायला बसले व्हते. तुमी पाटी पुसून दर डावाला शाबास म्हणत बसला."

ती वळली आणि पुन्हा अप्पासमोर जाऊन बसली. रुमाल स्वतःच ओढून हातावर घेतला. "सहा," ती म्हणाली. "झाला सौदा." तिनं स्वतःच्या हातानं केलेला तो पहिला सौदा.

सर्जेरावांनी संध्याकाळी जोतीरामला बोलावलं. ते ओरडले नाहीत. "रुमालाखाली एक आन रुमालावर एक, असा माणूस अडतीला चालत न्हाय. पदरचं घालू दे न्हायतर पदरात पाडू दे, लबाडी ती लबाडी. उद्यापासनं येऊ नगंस." त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

पाडवा आला आणि गेला. गाळा दुसऱ्या कुणी घेतला. पाडव्यानंतर जोतीराम सांगवीला गेला. गुऱ्हाळाचे शेवटचे दिवस होते. लांबूनच उकळत्या रसाचा वास आला. चरकाला फिरत होते ते बैल गेणूचे नव्हते, शेजाऱ्याचे होते. दिलेला शब्द पुरा करायला झुंबरनं आपली जोडी विकली होती.

ती काहिलीपाशी मळी काढत उभी होती. हातांवर चटक्यांचे डाग होते. काहिलीशेजारी भेंडीच्या ठेचलेल्या खोडांचा ढीग पडला होता. तिनं त्याला पाहिलं, झारा खाली ठेवला, तांब्या भरला आणि आणून दिला.

"घ्या पाव्हणं. रस घ्या."

पाव्हणं. जोतीरामनं तांब्या धरला, पण तोंडाला लावला नाही. "मी पाटाचं बोलायला येणार व्हतो," तो म्हणाला. "काटा न्हाय टांगला. पण आलो."

झुंबरनं झारा पुन्हा उचलला. चिपाडांच्या ढिगाला टेकून बसलेला गेणू तात्या बोलला. "बस खाली. तू वाईट माणूस न्हाईस. पण एक सांगतो. चरकात बोट गेलं की माणूस वरडतो. मग बैल थांबत्यात. माझी बोटं गेली, पण हात ऱ्हायला, तो वरडलो म्हणून ऱ्हायला. हिचा हात आत जात व्हता आन हिला दुखतच नव्हतं. तू दुखू दिलं न्हाईस."

जोतीराम खाली बसला.

"झुंबर," तो म्हणाला, "राग जाईल का कधी?"

"राग न्हाय," ती म्हणाली. "राग असता तर भांडले असते आन मोकळी झाले असते. आता तुमी काही बी म्हणालात, झुंबर बरी दिसतीस, झुंबर तुझ्याबिगर करमत न्हाय... की मला वाटणार, ह्यातलं खरं किती आन वरचं किती." तिनं पदरानं घाम पुसला. "तेवढा रस घ्या आन निघा. मला काहिलीकडं बघू द्या. करपंल."

तो रस प्याला. पिऊन निघाला. रस गोडच होता, त्याला तो कडू लागला.

जोतीराम कळसला भावांकडं गेला. माळवं केलं, वांगी-मिरचीची ओझी इंदापूरच्या बाजारात डोक्यावरून नेली. पहिल्या साली कुणी ओळखत नव्हतं. जुन्या वांग्यांवर नवी ठेवून विकणारे शेजारी त्याला येडा म्हणत, कारण हा किडकं वांगं आपल्या हातानं बाजूला काढून ठेवी आणि गिऱ्हाईक वर भाव द्यायला निघालं तर परत करी. "गिऱ्हाइकाला बरं वाटू देणं माझं काम न्हाय," तो म्हणायचा. हळूहळू बायका त्याच्याच टोपलीपाशी यायला लागल्या. मग इंदापुरात एक लहानसं दुकान झालं. आपला काटा त्यानं टांगला. त्या दिवशी नारळ फोडायला शेजारी कुणी नव्हतं. त्यानं एकट्यानंच फोडला आणि खोबरं रस्त्यावरच्या पोरांना वाटलं.

सांगवीच्या झुंबरचं नाव तोवर इंदापूरपर्यंत आलं होतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, "झुंबरबाईचा गूळ हाय का?" तो म्हणायचा, "न्हाय." एकदा एका म्हातारीनं विचारलं, "का न्हाय ठेवत? भांडण हाय का?" पुढच्या गुरुवारी त्यानं गाडी जुंपली.

बारामतीत शिरताना त्यानं एका दुकानातून नवा रुमाल घेतला. पांढरा, लाल काठाचा. व्यापारी म्हणून आलो आहे, सौदा करायचा आहे, तेव्हा रुमाल पाहिजेच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिचा हात एकदा, निदान भाव ठरेपर्यंत तरी...

पेठ तीच होती. थप्पीपुढं झुंबर बसली होती. गेणू तात्या आता नव्हता. ढेपा हळदीसारख्या पिवळ्या होत्या आणि गिऱ्हाइकं उभी होती. जोतीराम तिच्यासमोर बसला, रुमाल झटकला आणि आपल्या हातावर पसरला.

झुंबर त्या रुमालाकडं बघत राहिली. जवळ बसलेला अप्पा, आता पार थकलेला, जरा पुढं सरकला.

"इंदापूरचं पाव्हणं का?"

"व्हय."

"रुमाल नवा दिसतोय."

"आजच घेतला."

"ठिवा जपून," ती म्हणाली. "माझ्या गुळाला रुमाल लागत न्हाय. दोन सालं झाली. भाव तोंडानं बोलायचा, चार माणसांत. अप्पा बी तसाच बोलत्यात."

अप्पानं मान हलवली.

तिनं खडा फोडला आणि त्याच्या तळहातावर वरूनच टाकला. बोटाला बोट लागलं नाही. "आधी चाखा."

त्यानं चाखला. 'ग्वाड' हा शब्द ओठावर आला आणि त्यानं तो गिळला. तो शब्द तिच्यापुढं एकदा खर्चून झाला होता. तो नुसता भाव बोलला. त्या दिवशी असल्या गुळाला पेठेत जो चालला होता तोच. पेरभर वर नाही, पेरभर खाली नाही.

झुंबरनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"खरा हाय?"

"खरा हाय."

"मग न्या."

हमालांनी ढेपा गाडीत चढवल्या. तो बैलांचे कासरे धरून उभा होता तेव्हा ती गाडीपाशी आली, एक ढेप नीट सरकवल्यासारखं केलं.

"काटा टांगला म्हणं."

"टांगला."

"घरी कोण हाय?"

"काटाच हाय."

ती हसली. तोंडाला पदर लावायची सवय तशीच होती. "माझ्या घरी बी काहीलच हाय," ती म्हणाली. मग पदर खाली आला आणि हसूही गेलं. "त्या दिवशी ओट्यावर मनगट धरलं व्हतं... तेवढं एक खरं व्हतं का?"

"व्हय."

"मला बी तसंच वाटलं व्हतं," झुंबर म्हणाली. थप्पीकडून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली.

गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. ऊन उतरलं होतं आणि बैलांना वाट ठाऊक होती. गाव मागं पडल्यावर जोतीरामनं खिशातला रुमाल काढला, घडी मोडली आणि उजव्या हातावर टाकून पाहिला. मग त्याखाली डावा हात घातला. दोन्ही हात त्याचेच होते. त्यानं रुमाल काढून ढेपांवर पसरला, धूळ बसू नये म्हणून.